एका जागेची घरंदाज नावे

(छत्रपती संभाजीनगर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'एका जुन्या इंग्रजी शब्दाची जन्मकथा' असा छापला आहे. शब्द कशाचा, ते पत्रिकेत नाही. मी कळवलेल्या मथळ्यात 'संडास' होता. पत्रिका घरोघरी जाते, कुणी ती देवघराशेजारी ठेवते, तेव्हा जरा... असे मला फोनवर फार अदबीने सांगण्यात आले आणि मी तिथल्या तिथे होकार दिला. मला जे बोलायचे होते ते त्या 'तेव्हा जरा' मध्येच येऊन गेले होते. जागा रोजची, प्रत्येकाची. पण तिचे नाव घेताना जीभ अडते आणि दुसरे एखादे नाव शोधावे लागते. हे दुसरे नाव माणसे कुठून आणतात, एवढाच आजचा प्रश्न आहे. ज्यांच्या स्मृतीला ही माला वाहिलेली आहे ते वर्गात कोशातला कुठलाही शब्द गाळत नसत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्या भरवशावर पुढे जातो.

तो इंग्रजी शब्द म्हणजे 'खाझी'. अर्थ संडास. आज इंग्लंडात तो जुनाट झाला आहे. वयस्क माणसांच्या आणि जुन्या फौजी मंडळींच्या तोंडी तेवढा उरला आहे. आपल्या शहरात तो जरा जपूनच उच्चारावा लागतो. काझी म्हणजे आपल्याकडे न्यायनिवाडा करणारा, निकाह लावणारा मानाचा माणूस. ते आडनाव असलेले श्रोते या सभागृहातही असतील. त्यांनी निश्चिंत असावे, त्या शब्दाचा त्यांच्याशी सुतराम संबंध नाही.

गंमत अशी, की खुद्द इंग्रजांना मात्र तो संबंध असावा असे वाटत आले. गोऱ्या शिपायांनी हा शब्द हिंदुस्थानातून आणला, असे कुणी छातीठोकपणे सांगतो. कुणी तो पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीतून आला म्हणतो. शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'के' आणि 'एच' ही जोडी आहे. ही जोडी इंग्रजी डोळ्याला लगेच पूर्वेकडची वाटते: खाकी, खैबर, खान. तेव्हा ज्याने कुणी हे स्पेलिंग रूढ केले त्याने शब्दाच्या डोक्यावर फेटा चढवला, असे म्हणायला हरकत नाही. १९६८ साली इंग्लंडात 'कॅरी ऑन... अप द खैबर' नावाचा विनोदी चित्रपट आला. त्यातल्या हिंदुस्थानी संस्थानिकाचे नाव 'कलाबारचा खासी'. इंग्रज प्रेक्षक का हसत होता, हे आता तुम्हाला सांगायला नको. ही भूमिका केनेथ विल्यम्स या नटाने केली होती, आणि योगायोग असा की शब्दाच्या खऱ्या मुळाची वाटही त्याच्याच दारावरून जाते.

केनेथ विल्यम्स त्याच सुमारास बीबीसी रेडिओवर 'राउंड द हॉर्न' या कार्यक्रमात एक विचित्र बोली बोलत असे. तिचे नाव पोलारी. नाटकवाले, सर्कसवाले, खलाशी आणि समलिंगी पुरुष यांच्या वर्तुळातली ती आडभाषा. समलिंगी संबंध इंग्लंडात १९६७ पर्यंत गुन्हा होता, त्यामुळे आपसात बोलायला अशी भाषा गरजेचीच होती. तिचे नाव इटालियन 'पार्लारे', म्हणजे बोलणे, या क्रियापदावरून आले. एकोणिसाव्या शतकात इटलीतून आलेले बाहुल्यांचे खेळ करणारे, पेटी वाजवणारे, डोंबारी लंडनच्या रस्त्यांवर पोट भरत. त्यांच्या भाषेतले शब्द फुटपाथवरच्या इंग्रजीत मिसळले. त्यातला एक 'कासा'. कासा म्हणजे घर. लंडनच्या बोलीत त्याचे 'कार्सी' झाले. तो 'र' फक्त लिहिण्यात, कारण लंडनचा माणूस असला 'र' गिळून टाकतो. आधी अर्थ घर. मग बदनाम वस्तीतले घर. मग अंगणाच्या कडेला असलेले ते छोटे घर. स्पेलिंगे बदलत गेली आणि शेवटी विसाव्या शतकात 'खाझी' होऊन तो पूर्वेचा नागरिक झाला.

इंग्रजीत अशा बनावट जन्मदाखल्यांना तोटा नाही. 'लू' हा त्याहून सभ्य शब्द घ्या. कुणी सांगतो, एडिंबरोच्या माड्यांवरून भांडे ओतण्याआधी 'गार्डी लू' अशी आरोळी देत, त्यातला हा लू. कुणी सांगतो, फ्रेंच 'ल्यू', म्हणजे जागा. कुणी वॉटर्लूचे नाव घेतो, कारण वॉटर क्लोजेट आणि वॉटर्लू यांत पाणी समान. छापील इंग्रजीत तो निःसंशय दिसतो १९४० साली, नॅन्सी मिटफर्डच्या कादंबरीत. म्हणजे आरोळ्या बंद होऊन जमाना लोटल्यावर. थॉमस क्रॅपर नावाचा लंडनमधला नळकारागीर तर फ्लशचा जनक म्हणून उगीचच प्रसिद्ध आहे. फ्लशच्या संडासाचे वर्णन राणी एलिझाबेथच्या धर्मपुत्राने, सर जॉन हॅरिंग्टनने, १५९६ सालीच छापले होते. पुढे १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंगने वाकड्या नळीचे पेटंट घेतले, तीच नळी आजही आपल्या भांड्याखाली पाणी अडवून दुर्गंधी थोपवते. क्रॅपरचा जन्म १८३६ चा. पण लोकांना व्युत्पत्ती फारशी नको असते, त्यांना गोष्ट हवी असते, आणि गोष्टीत एक माणूस, एक आरोळी किंवा एक लढाई असली की ती चालते.

मला मात्र त्या कंटाळवाण्या, खऱ्या मुळातच रस आहे. कासा. घर. कारण हा शब्द एकटा नाही.

सॅम्युअल पीप्स हा लंडनचा सरकारी कारकून त्याच्या दैनंदिनीसाठी प्रसिद्ध आहे. २० ऑक्टोबर १६६० रोजी तो आपल्या तळघरात उतरला आणि त्याचा पाय मैल्याच्या ढिगात गेला. शेजाऱ्याची टाकी भरून याच्या तळघरात फुटली होती. ते कुठून आले हे लिहिताना पीप्सने जो शब्द वापरला त्याचा अर्थ 'कामाचे घर'. पाय मैल्यात बुडालेला, तरी लेखणीतून निघाले ते घरच. (त्या वर्षांत आपल्याकडे बीबी का मकबरा पूर्ण होत होता.) त्याच इंग्रजीत 'सुखाचे घर', 'गरजेचे घर', 'बाहेरचे घर' असेही शब्द होते.

आता आपल्याकडे या. पायखाना: फारसीत खाना म्हणजे घर. जुन्या शहरात, शहागंज-बेगमपुऱ्याकडच्या उर्दूत, अदबीने बोलायचे तर बैतुलखला: अरबीत बैत म्हणजे घर, आणि खला म्हणजे रिकामी, निवांत जागा. एकांताचे घर. इंग्रजीतल्या 'प्रिव्ही'चाही अर्थ खाजगी, एकांताचा. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता तीच आडवाट धरली. गुजराती आणि पारशी घरांत 'जाजरू' म्हणतात, तो फारसी जा-ए-जरूर, म्हणजे गरजेची जागा. इंग्रजांचे 'गरजेचे घर' जवळपास शब्दशः तेच. मग आपले संस्कृतवाले आले. शौचालय, शौचगृह, स्वच्छतागृह: आलय आणि गृह. एसटी स्टँडवरचे 'प्रसाधनगृह' तर सगळ्यांवर कडी. फ्रेंचांचा 'ट्वालेट' म्हणजे शृंगाराच्या मेजावर अंथरायचा कापडाचा तुकडा. तिथून तो शृंगाराकडे, मग शृंगाराच्या खोलीकडे आणि शेवटी संडासाकडे घसरला. आपल्या भाषांतरकाराने शेवटची घसरण झाकून मधली पायरी उचलली. तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाचे प्रसाधन झालेले मी तरी पाहिले नाही.

या सगळ्यांत एकच युक्ती आहे. क्रियेचे नाव घ्यायचे नाही, इमारतीचे घ्यायचे. म्हणून मी या नावांना घरंदाज म्हणतो.

घराचे नाव घेतले की घराचा मानमरातबही मागोमाग येतो. मोगल बादशहांचा गुसलखाना म्हणजे मुळात स्नानाची खोली. तिथे जाऊ शकणारे मोजके. म्हणून महत्त्वाची मसलत तिथेच होऊ लागली आणि खाजगी दरबाराच्या दालनालाच गुसलखाना म्हणू लागले. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो जहांगिराच्या दरबारी आला तेव्हा तो या गुसलखान्यातल्या भेटींविषयी लिहितो. त्याच्या मायदेशात राजाच्या निकटच्या सल्लागारांना प्रिव्ही कौन्सिल म्हणत, आणि अंगणातल्या संडासालाही प्रिव्हीच. हिंदुस्थानातले खटले १९४९ पर्यंत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे जात, आणि १९७१ पर्यंत आपण संस्थानिकांना प्रिव्ही पर्स देत होतो. आपल्या निजामालाही ती मिळे. या दोन शब्दांचे संडासाशी भावकीचे नाते आहे, हे कायदामंत्रालयात कुणी बोलले असेल असे वाटत नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीकडे तर राजाच्या शौचपेटीची व्यवस्था पाहणारा सरदार असे, आणि दरबारात त्याचा वट मोठा असे, कारण राजा एकटा असताना त्याच्या कानाशी तोच. असा एक सरदार, हेन्री नॉरिस, १५३६ मध्ये राणी ॲन बुलीनच्या प्रकरणात डोके गमावून बसला. फार जवळ असण्याची किंमतही असते.

इथे एक शब्द दाखवल्यावाचून राहवत नाही. संस्कृतात 'वर्चस्' म्हणजे तेज. ब्रह्मवर्चस् म्हणतो तो. आपला 'वर्चस्व' त्याच्यातूनच निघाला. आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत याच वर्चसचा दुसरा अर्थ आहे मल. हा दुसरा अर्थ पालीत गेला आणि 'वच्च' झाला. बौद्ध भिक्षूंच्या विहारात जी जागा असे तिचे नाव 'वच्चकुटी'. इथेही कुटी, म्हणजे घर आलेच.

पण या घराचे नियम वाचण्यासारखे आहेत. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ते सविस्तर आहेत. बाहेर उभे राहून खाकरावे. आत कुणी असेल तर त्यानेही खाकरावे. चीवर बाहेर वळणीवर किंवा बांबूवर टाकून मग आत जावे. घाईघाईने शिरू नये. आत बसून दातवण चघळू नये. कुंथताना आवाज करू नये. धुण्याच्या भांड्यात पाणी तसेच ठेवून येऊ नये. जागा घाण झालेली दिसली तर ती धुवावी, आंगण झाडावे, पाण्याच्या माठात पाणी नसेल तर भरावे. हे काम कुणा दुसऱ्याचे आहे, असे त्यात कुठे नाही. ज्याने वापरली त्याने धुवायची. आणि एक नियम मला सर्वांत मोठा वाटतो. आधी रिवाज होता की वडील भिक्षू आधी जायचे. तरुण भिक्षू ताटकळत, घेरी येऊन पडत. ही गोष्ट बुद्धाच्या कानावर गेली आणि त्याने सांगितले: या ठिकाणी ज्येष्ठतेचा क्रम नाही, जो आधी आला तो आधी जाईल. जेवणाच्या पंगतीत, बसण्याच्या जागेत ज्येष्ठता पाळणारा संघ या एका दारापाशी ती बाजूला ठेवतो. आपल्या विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. खाली बाबासाहेबांनी १९५० साली उभे केलेले मिलिंद महाविद्यालय आहे. या दोन्हींच्या मधल्या टापूत उभे राहून हा नियम वाचावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो.

आता ज्यांना घर नव्हते त्यांच्या शब्दांकडे वळू.

आपल्या आज्या-पणज्या काय म्हणत? परसाकडे. बाहेरकडे. रानात. ओढ्यावर. हिंदीत दिशा-मैदान. अगदी शास्त्रीबुवासुद्धा बहिर्दिशेला जात. यातल्या एकाही शब्दात भिंत नाही, छप्पर नाही. आहे ती फक्त दिशा. क्रियेचे नाव इथेही टाळलेलेच; पण आडोसा इमारतीचा घेतलेला नाही, वाटेचा घेतला आहे. आणि वाटेतही पायऱ्या होत्या. 'परसाकडे' म्हणायला आधी परस हवे, म्हणजे घरामागे स्वतःची जागा हवी. ज्याला परस नाही तो रानात. आणि ज्या बाईला रानही आपले नाही तिच्यासाठी गावाच्या कडेची ठरलेली जागा, गोदरी. पहाटे उजाडायच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर, अशा दोनच वेळा. मधल्या बारा तासांत शरीराने काय करायचे, ते शरीराने पाहायचे. रस्त्याकडेला बसलेल्या बायका गाडीचा उजेड पडला की झटकन उभ्या राहतात आणि गाडी गेली की पुन्हा बसतात, हे पैठण किंवा जालना रस्त्याने रात्री प्रवास केलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. आपण काचा वर करून पुढे गेलो.

घराच्या आणि वाटेच्या या दोन कुळांतले शब्द एकदा मोठ्या मजेशीर रीतीने एकत्र आले. जुन्या मराठीत संडासाला 'शेतखाना' असा शब्द आहे. मूळ फारसी-अरबी 'सेहतखाना': सेहत म्हणजे आरोग्य. आरोग्याचे घर. छत्रपतींच्या अठरा कारखान्यांच्या ज्या याद्या आपल्याकडे छापतात त्यांत 'शहतखाना' येतो तो हाच. दरबारात लिहिणाऱ्याला सेहत ठाऊक होती. पण गावच्या कानाने तो ऐकला 'शेत-खाना' असा. माझा अंदाज आहे, तो असाच ऐकला जाणे भाग होते. त्या कामासाठी रोज शेतात जाणाऱ्या माणसाला त्या शब्दात शेत ऐकू येणारच. फारसी घराला मराठी कानाने शेत जोडून टाकले.

'टट्टी' या शब्दाची कथा याच्या उलट दिशेची. टट्टी म्हणजे बांबूची ताटी, कूड. उन्हाळ्यात वाळ्याच्या ओल्या ताट्या खिडक्यांना लावतात, तीच. आडोशाला ताटी लावली म्हणून ती जागा टट्टी. आणि मग जागेवरून ती क्रिया, आणि क्रियेवरून ती वस्तूसुद्धा. झाकायला लावलेला पडदाच शेवटी झाकायच्या गोष्टीचे नाव झाला. सभ्य शब्दांचे हेच होते. म्हणून दर दोन-तीन पिढ्यांनी नवा आणावा लागतो. मागच्या पिढीचा 'लॅट्रिन' गेला, 'टॉयलेट' जुना होत चालला, आता मुले 'वॉशरूम' म्हणतात. तिथेही रूम आहेच. मधल्या काळात 'सुलभ' ही आला. सुलभ ही १९७० साली बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी सुरू केलेली संस्था, पण आज बसस्टँडवर 'जरा सुलभला जाऊन येतो' म्हणणाऱ्याला तो संस्थेचे नाव घेतो आहे याचा पत्ता नसतो.

राहता राहिला 'संडास'. हा शब्द मराठीबरोबर हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड या सगळ्यांत आहे. हिंदी कोश त्याचा अर्थ सांगतात विहिरीसारखा खोल पायखाना. हा ना घराचे नाव घेतो, ना दिशेचे. तो खड्ड्याचे नाव घेतो. राजगडाच्या तटात दगडी बांधणीचे शौचकूप आहेत. तिथल्या 'कूप' या शब्दातही विहीरच. संडास हा सरळ शब्द आहे, आणि मला वाटते पत्रिकेवर तो चालला नाही त्याचे कारण हेच.

खड्डा असला तर तो कधीतरी उपसावा लागतो. घरंदाज शब्द इथे एकदम गप्प होतात.

आपल्या छावणीतल्या जुन्या बंगल्यांचे नकाशे पाहा. निजायच्या खोलीला लागून न्हाणीघर, आणि न्हाणीघराला दोन दारे. एक साहेबाचे, आतून. दुसरे मागच्या बाजूला, अंगणात उघडणारे. आत लाकडी पेटी, झाकणाची, तिच्या पोटात मुलाम्याचे भांडे. इंग्रज तिला 'थंडरबॉक्स', गडगडाटी पेटी, म्हणत. एव्हलिन वॉच्या १९५२ च्या 'मेन ॲट आर्म्स' या कादंबरीत अशा एका पेटीवरून दोन अधिकाऱ्यांत जे युद्ध पेटते ते वाचून पोट दुखेपर्यंत हसू येते. साहेब आतल्या दाराने जाई. मागच्या दाराने एक माणूस येई, भांडे उचली, धुई, ठेवी, जाई. दोघांची गाठ पडू नये अशीच त्या दोन दारांची योजना होती. आपल्या जुन्या गल्ल्यांतल्या वाड्यांनाही हेच होते, फक्त इंग्रजी नाव नव्हते. उंचावर बैठक, खाली टोपली किंवा डबा, आणि मागच्या भिंतीत बोळाकडे उघडणारी गुडघाभर उंचीची पत्र्याची झडप. ते बोळ पुढे सिमेंटचे झाले, त्यावर दुकानांची मागची शटर आली. पण सत्तरीच्या पुढच्या श्रोत्यांना त्या पत्र्याचा आवाज ठाऊक आहे.

त्या माणसाला नाव काय दिले? इथे भाषेने कमाल केली आहे. 'मेहतर': फारसीत अर्थ 'अधिक थोर', वडीलधारा. हिंदुकुशातल्या चित्रळ संस्थानाचा राजा स्वतःला मेहतर म्हणवून घेई, ती त्याची पदवी होती. 'हलालखोर': हलालाची, कष्टाची भाकर खाणारा, अबुल फजलाच्या 'आईन-ए-अकबरी'त हे नाव अकबराने दिल्याचे म्हटले आहे. 'जमादार': फौजेतला हुद्दा. जागेला घराचे नाव दिले तसे माणसाला पदाचे. आणि या पदाला कायद्यातही जागा मिळाली: १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात 'हलालखोर कर' होता. मैला नेण्यासाठी घरमालकाकडून घ्यायचा कर. ज्याच्या नावाने कर जमा झाला त्याची वस्ती गावाबाहेरच राहिली. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हे सगळे शब्द भेटतात. साहेबांना नोकराला हाक मारायला शब्द लागत, म्हणून ते नीट नोंदले गेले.

या नावांच्या सफेदीला आपल्याकडे एकाने सरळ छेद दिला. अप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी होते. त्यांनी भंगीकामाची परवानगी मागितली. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही, असे उत्तर आले. अप्पांनी अन्न सोडले. येरवड्यात गांधींनीही सहानुभूतीने उपवास धरला आणि सरकारला वाकावे लागले. अप्पांचे मोठेपण मला त्या उपवासाहून पुढच्या कामात दिसते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी स्वस्त खड्ड्याचे संडास आणि सोनखताचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. मैला कुणी उचलायचा, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर होते: कुणालाच उचलावा लागू नये असा खड्डा करा. हा माणूस 'संडास' हाच शब्द वापरी, आणि तो लिहिताना कुठेही खाकरत नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीसाठी बर्वे समिती नेमली. हाताने मैला उचलण्यावर बंदीचा देशाचा कायदा मात्र १९९३ मध्ये आला आणि तो पुरला नाही म्हणून दुसरा २०१३ मध्ये. आज तेच काम करणाऱ्याला 'स्वच्छतादूत' म्हणतात. दूत बहुधा कंत्राटी असतो, आणि टाकीत उतरल्यावर वायूने गुदमरून गेल्याची बातमी येते तेव्हा मथळ्यात तो पुन्हा 'कामगार' होतो.

सरकारी मराठी सहसा घरंदाजच असते, म्हणून तिचा एक अपवाद सांगतो. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि त्या काळात 'हागणदारीमुक्त गाव' हा शब्द शासननिर्णयात आला, कमानीवर आला, सत्काराच्या शालीसोबत आला. ज्या क्रियापदावर घरात पोराला चापट बसते ते मंत्र्यांच्या भाषणात आले. मला ते आवडले. शब्द बोचला, म्हणून गावाने ऐकला. पण लगेच त्याच्या जोडीला 'गुड मॉर्निंग पथक' निघाले. पहाटे डबा घेऊन निघालेल्याला गाठायचे, शिट्टी वाजवायची, कुठे कुठे गुलाबाचे फूलही द्यायचे. फूल देताना छायाचित्रही काढायचे. इंग्रजी अभिवादन दंडुक्यासारखे वापरण्याची ही तऱ्हा आपल्याच राज्यात निघाली. ज्यांना पकडले त्यांत बायका होत्या, म्हातारी माणसे होती. घरामागे अनुदानातून बांधलेली खोली होती, पण तीत गोवऱ्या आणि कडबा होता. आळस म्हणून नव्हे. हंडाभर पाणी दोन किलोमीटरवरून आणणाऱ्या घरात तांब्याभर पाणी भांड्यात ओतायचे, हा हिशेब बाईला जमत नाही. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या शहराला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे फ्लशची टाकी भिंतीवर शोभेला असते आणि खाली निळ्या ड्रमात मग तरंगत असतो. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगरातून जमिनीखालून नहर आणून या गावाला पाणी पाजले. त्याचे वारस आपण.

आता माझे काम, या जागेचे शब्द गोळा करण्याचे. 'परसाकडे' कोशात आहे, 'बहिर्दिशा' आहे, 'शेतखाना' आहे. पण कोश लिहिणारे पुरुष होते आणि त्यांना शब्द सांगणारेही बहुतेक पुरुषच. पहाटे गोदरीकडे निघताना बायका एकमेकींना जी हाक देत, न्यायला आलेल्या जावेला काय विचारत, रजस्वला असताना, बाळंतीण असताना त्या जागेला काय म्हणत, माणूस आला की कुठला शब्द टाकून एकमेकींना सावध करत, यातले फार थोडे माझ्याकडे आहे. जे आहे ते वैजापूर आणि कन्नड तालुक्यातले. सोयगावकडचे, सिल्लोडकडचे, गोदाकाठच्या गावांतले काहीच नाही, आणि ज्यांना ते येते त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. कार्यवाहांना विनंती करून मागच्या टेबलावर कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. आजीला, आईला विचारून उद्या आणून दिले तरी चालेल. शब्द जसा बोलतात तसाच लिहा, शुद्ध करू नका. स्वतःचे नाव लिहिण्याची गरज नाही. गाव आणि तालुका तेवढा लिहा.